विश्लेषण : मानवशास्त्रात संशोधन करणाऱ्या मुलींना पैसा कुठून मिळतो?

राजापूर तालुक्यातील बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. शिमग्यातली ग्रामदेवतेची पालखी, चाकरमानी मुंबईला गेल्यावर घर-शेती सांभाळणाऱ्या बायका, राजापूरची गंगा हे सारे मानवशास्त्राच्या अभ्यासाचे विषय. तालुक्यातल्या एखाद्या मुलीला त्यावर पीएचडी करायची झाली, तर पाच-सहा वर्षांचा खर्च कोण उचलणार?

इरावती कर्वे यांना कुणी मदत केली?

भारतातील पहिल्या स्त्री मानवशास्त्रज्ञ मानल्या जाणाऱ्या इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशवाईतल्या दक्षिणेचा निधी इंग्रजांनी शिक्षणाकडे वळवला, त्यातून ही फेलोशिप निघाली होती. तिच्या आधारे त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर प्रबंध लिहिला. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, त्यासाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. डॉक्टरेट घेऊन परतल्यावर मात्र १९३१ ते १९३६ त्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. डेक्कन कॉलेजात अध्यापन-संशोधनाची जागा मिळाली ती १९३९ मध्ये. पदवीसाठी पैसा मिळाला, तरी संशोधनाची जागा मिळायला वेळ लागला. आजच्या योजना पाहताना हाच फरक लक्षात ठेवावा लागतो.

आज पहिली पायरी कोणती?

यूजीसीची नेट परीक्षा. मानवशास्त्र हा तिचा स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मिळते. मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एमए केलेल्यांना समाजशास्त्राची नेट देता येते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप म्हणजे जेआरएफ मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे. जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षे असली, तरी स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे.

नेटमध्ये जेआरएफ हुकली तर?

आईवडिलांची एकुलती मुलगी असल्यास यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. ती पीएचडीला नोंदणी झालेल्या मुलींसाठी असून त्यासाठी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

राज्य सरकारच्या संस्थाही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. जागा आणि अटी जाहिरातीगणिक बदलतात. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर दाखला आधीच काढून ठेवावा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धाव घेतली, तर मुदत निघून जाऊ शकते.

गावात राहून काम करण्याचा खर्च कोण देते?

खरी अडचण इथे आहे. मानवशास्त्रात संशोधकाला महिनोन्‌महिने लोकांमध्ये राहावे लागते. खोलीचे भाडे, एसटीचा किंवा भाड्याच्या गाडीचा प्रवास, मुलाखतींचे लेखन असा खर्च होतो. एकट्या स्त्रीला सुरक्षित जागा शोधताना किंवा लहान मूल बरोबर असताना तो वाढतो. जेआरएफसोबत सामाजिक शास्त्रांना मिळणारे आकस्मिक अनुदान मात्र पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये आहे.

म्हणून क्षेत्रकार्यासाठी वेगळा अर्ज करणे उपयोगी ठरते. न्यूयॉर्कचे वेनर-ग्रेन प्रतिष्ठान १९४१ पासून केवळ मानवशास्त्रासाठी काम करते. पीएचडी करणाऱ्यांना ते क्षेत्रकार्यासाठी २५,००० डॉलरपर्यंत अनुदान देते आणि त्याला राष्ट्रीयत्वाची अट नाही. शिक्षण शुल्क मात्र त्यातून भरता येत नाही. देशात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (स्थापना १९६९) पीएचडीच्या आणि त्यानंतरच्या फेलोशिप तसेच प्रकल्प अनुदान देते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात आहे.

परदेशी शिकायचे असेल तर?

केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहे. पण २०२२-२३ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे शिमग्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मुलीची अडचण तिथेच होते. अर्जापूर्वी त्या वर्षीचे नियम वाचणे म्हणूनच आवश्यक.

दुसरा मार्ग कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. १८९२ मध्ये सुरू झालेला जे. एन. टाटा निधी अशी मदत देतो. त्याच्या पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री डॉक्टर होत्या.

बाळंतपणात किंवा घरच्या जबाबदारीत संशोधन थांबले तर?

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार कमाल मुदत सहा वर्षे, फेरनोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत, म्हणजे एकूण दहा वर्षे मिळू शकतात. पीएचडीच्या काळात प्रसूती किंवा बालसंगोपन रजा २४० दिवसांपर्यंत घेता येते. मात्र जेआरएफचा एकूण कालावधी पाच वर्षांचाच आहे. नोंदणीची मुदत वाढली, तरी पैशाची मुदत तिच्याबरोबर वाढत नाही.

त्यामुळे क्षेत्रकार्याचा मोठा भाग फेलोशिप चालू असतानाच उरकावा आणि पुढच्या अनुदानाचा अर्ज किमान वर्षभर आधी तयार ठेवावा. लेखनाचे काम नंतर राजापुरात घरी बसूनही करता येते. गावात राहून करायचे काम मात्र हाती पैसा असतानाच पूर्ण करावे लागते.