माशांची वाढ : तापमान आणि खाद्यमात्रा

पाळलेल्या माशाचे वजन वाढते ते खाल्लेल्या अन्नातून शरीर चालवण्याचा खर्च भागल्यावर जे उरते त्यावर. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने भोवतालच्या पाण्याचे तापमान हेच बहुधा त्याच्या शरीराचे तापमान. पाणी तापले की भूक वाढते आणि पचन जलद होते. पण नुसते जिवंत राहण्याचा खर्चही त्याबरोबर चढतो. म्हणून ‘अमुक माशाला अमुक अंश उत्तम’ हे पाठ्यपुस्तकी विधान अर्धेच खरे आहे. त्यात खाद्य पोटभर मिळते असे गृहीत धरलेले असते. खाद्य कमी पडले तर ते ‘उत्तम’ तापमान खाली सरकते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅनडातील जे. आर. ब्रेट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सॉकआय सामन माशाच्या पिलांवरील प्रयोगांत मिळतो. भरपूर खाद्य असताना पिले सुमारे १५ अंश सेल्सियसला सर्वाधिक वाढली. रोजची मात्रा शरीरवजनाच्या १.५ टक्क्यांवर आणली तेव्हा सर्वाधिक वाढ सुमारे ५ अंशांना झाली. २० अंशांना नुसते वजन टिकवायलाच रोज सुमारे २.६ टक्के खाद्य लागत होते, म्हणजे १.५ टक्क्यांवर तिथे मासा रोडावणारच. सुमारे २३ अंशांना तर हवे तितके खाद्य असूनही वाढ थांबली. भूक एका टप्प्यानंतर मंदावते, खर्च मात्र चढतच राहतो, हे त्यामागचे कारण.

थंड पाण्यातल्या सामनचे आकडे रोहू-कटल्याला लावता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. आपल्या कार्प माशांची चांगली वाढ साधारण २५ ते ३२ अंशांत होते. पण बदलतात ते आकडे. चयापचयाचा हिशेब तोच राहतो. दुसरा आक्षेप मुंबईकराला सहज सुचेल : कुलाब्याला जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी १९ अंशांच्या आसपास असते, मग थंडीची काळजी कशाला? मात्र दादर, लालबाग किंवा गिरगावात विकला जाणारा रोहू-कटला इथे वाढलेला नसतो. बराचसा आंध्रातील तळ्यांतून किंवा राज्यातील जलाशयांतून येतो. घाटावर मत्स्यबीज पावसाळ्यात सोडतात. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, जोमाने वाढू लागते न लागते तोच हिवाळा येतो. पुणे-नाशिककडे जानेवारीतील किमान तापमान सरासरी १०-१२ अंशांपर्यंत उतरते. तळ्याचे पाणी इतके गार होत नाही, पण ते २० अंशांखाली गेले की कार्पची भूक फारच मंदावते. तेव्हाही ऑक्टोबरइतकाच भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड टाकत राहिले तर ते न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते.

उन्हाळ्यातील चूक याच्या उलट असते. पाणी गरम आहे, तर भरपूर घालावे असे वाटते. पण गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना ७.६. पचनालाही प्राणवायू लागतो, आणि तळ्यात तो पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून खाद्य ऊन चढल्यावर द्यावे आणि ढगाळ दिवशी हात आखडावा. मत्स्यालयात किंवा घरच्या काचपेटीत मासा वाढवायचा नसतो, टिकवायचा असतो. तिथे निर्वाहापुरती मात्रा पुरते. मत्स्यशेतीत तेवढीच मात्रा म्हणजे तोटा.

तळ्यातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाद्यातली तूट भरून काढते, असे म्हटले जाते. शेणखत घातलेल्या मातीच्या तळ्यात ते बऱ्याच अंशी खरे आहे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात किंवा दाटीने मासे सोडलेल्या पिंजऱ्यात नैसर्गिक अन्न अपुरे असते. तिथे गरम पाणी आणि तोकडे खाद्य ही सर्वांत वाईट जोडी. उपासमार झालेला मासा पुन्हा खाद्य मिळताच झपाट्याने वाढून मागची कसर काढतो, हा मुद्दाही निराधार नाही. भरपाईची वाढ अनेक जातींत दिसली आहे. पण ती पुरी होतेच असे नाही, आणि तिला वेळ लागतो. मराठवाड्यातील किंवा नगरकडील शेततळे एप्रिल-मेमध्ये आटू लागते, आणि मासा त्याआधीच काढावा लागतो. त्यामुळे ठरावीक दिवसांनी जाळे टाकून नमुन्याचे वजन घेणे, पाण्याचे तापमान पाहणे आणि त्यावरून मात्रा नव्याने ठरवणे आवश्यक ठरते. लहान बोटुकलीला शरीरवजनाच्या सुमारे ५ टक्के खाद्य चालते, तर मोठ्या माशाला २ टक्के किंवा त्याहून कमी पुरते. आणि हे प्रमाणही पाणी उबदार असतानाचे आहे.