गावदप्तर व त्याचे संगणकीकरण : जुन्नर आणि आंबेगाव

गावातील जमिनी, त्यांचे धारक, आकारणी, पिके आणि हक्कांतील फेरफार यांच्या शासकीय नोंदींच्या संचास गावदप्तर म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत, महाराष्ट्रातील इतर तालुक्यांप्रमाणेच, हे दप्तर प्रथम वतनदार कुलकर्ण्याकडे व नंतर पगारी तलाठ्याकडे होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते संगणकावर आले. प्रत्येक स्थित्यंतरात नोंदीवरील सत्ता एका हातातून दुसऱ्या हाती गेली. मात्र जमिनीवर जाऊन पाहणाऱ्या व नोंदीची जबाबदारी घेणाऱ्या कर्मचाऱ्याची गरज कोणत्याही टप्प्यावर संपली नाही.

या दोन तालुक्यांत दोन भिन्न प्रकारचे प्रदेश एकत्र आले आहेत. पूर्वेकडे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत बागायती शेती असून नारायणगाव व मंचर या मोठ्या बाजारपेठा आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगांत महादेव कोळी समाजाच्या विखुरलेल्या वाड्या असून भात, नाचणी व हिरडा ही तेथील उपजीविकेची साधने होत. एकाच नमुन्याच्या नोंदवह्या या दोन्ही प्रदेशांना लागू करण्यात आल्या, हे येथील गावदप्तराच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

वतनी व्यवस्था : जुन्नर हे निजामशाहीचे आरंभीचे राजधानीचे ठिकाण. पुढे मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने निजामशाही मुलखात केलेली जमीनमहसुलाची व्यवस्था प्रसिद्ध आहे. मराठेशाहीत गावचा वसूल पाटलाकडे व लेखन कुलकर्ण्याकडे असे. कुलकर्णी मोडी लिपीत हिशेब लिहून कागद रुमालात बांधून ठेवी व त्याबद्दल त्यास इनाम जमीन व हक्क मिळत. पद वंशपरंपरागत असल्याने दप्तर त्याच्या घरीच राही. रयतेस वाचता येत नसल्यामुळे कागदाचा अर्थ कुलकर्णी सांगेल तोच ठरे. या मक्तेदारीवर जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात कठोर टीका केली.

ब्रिटिश अंमल : १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल याने १८२४ नंतर जमिनीची मोजणी हाती घेतली. शेताच्या निव्वळ उत्पन्नाचा काही हिस्सा आकार म्हणून घ्यावा, हे त्याचे तत्त्व अर्थशास्त्रीय विचारातून आले होते. परंतु ते अमलात आणण्यासाठी लागणारी माहिती हाताखालच्या कारकुनांवर अवलंबून होती. त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती आणि लाचलुचपतीने आकडे दूषित झाले. आकारणी अवजड ठरली, पुष्कळ जमिनी ओस पडल्या व ही योजना सोडून द्यावी लागली. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात वेगळ्या पद्धतीने पाहणी सुरू केली. उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब सोडून त्यांनी मातीची आण्यांत प्रतवारी केली, बांधावर हद्दीचे दगड रोवले व आकार तीस वर्षांसाठी कायम केला. सामान्य कर्मचाऱ्यास करता येईल व वरिष्ठास तपासता येईल असे काम ठरविण्यात आले, हे या पद्धतीच्या यशाचे एक प्रमुख कारण होय. पुढे मुंबई जमीनमहसूल अधिनियम (१८७९) व हक्कनोंदणीचा कायदा (१९०३) यांनी दप्तरास कायदेशीर चौकट दिली.

तलाठी : कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने नष्ट झाली. महाराष्ट्र जमीनमहसूल संहिता, १९६६ अन्वये एका किंवा अनेक गावांच्या सजास तलाठी नेमला जातो. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व बारा (पिकांची नोंद) मिळून ‘सातबारा’ होतो. खरेदी, वारसा इ. कारणांनी हक्क बदलल्यास तलाठी फेरफार नोंदवितो, संबंधितांस नोटीस देतो व मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा व प्रमाणित करणारा यांत केलेली ही फारकत वतनी व्यवस्थेत नव्हती. १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कडक निर्बंध आल्यामुळे पश्चिम भागात या नोंदीस विशेष महत्त्व आले.

संगणकीकरण : भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर राज्यात ई-फेरफार प्रणाली आली. हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांत तफावती आढळल्याने २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन करून चुका दुरुस्त करण्यात आल्या. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सहीची प्रतीक्षा करण्याचे कारण उरले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू लागला.

या बदलाचा भार प्रामुख्याने तलाठ्यांवर पडला. दुरुस्तीचे काम नेहमीच्या वसुली, निवडणूक व पंचनाम्यांच्या कामांबरोबरच करावे लागले. संगणक, जोडणीचा वेग व मनुष्यबळ यांविषयीच्या तक्रारींवरून तलाठ्यांच्या संघटनांनी वेळोवेळी आंदोलने केली. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. नोकरीचे आकर्षण व रिक्त पदांचा अनुशेष या दोन्ही गोष्टी त्यावरून दिसतात. २०२४ मध्ये तलाठी या पदनामाऐवजी ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव देण्याचा निर्णय झाला.

पश्चिम भागातील अनुभव : डोंगराळ गावांत दूरसंचाराची जोडणी दुर्बल असल्याने शेतात काढलेले पिकाचे छायाचित्र पाठविण्यासाठी अनेकदा अन्यत्र जावे लागते. मृत खातेदारांच्या वारसांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या न होणे हा याहून जुना प्रश्न आहे. नाव नसल्यास कर्ज व भरपाई मिळण्यात अडचण येते आणि संगणकात जुनी नोंद जशीच्या तशी उतरली, तर तिच्यातील उणीवही कायम राहते. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. अशा विस्थापनात नोंदीतील नाव हाच हक्काचा मुख्य आधार ठरतो. वारसनोंदींसाठी २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेण्यात आली.

आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचविली ती नित्याच्या फेरीवर आलेल्या राज्य परिवहन बसच्या चालकाने. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील हिरड्याच्या झाडांची हानी झाली. तिच्या भरपाईचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला व त्यासाठी आदिवासींना आंदोलने करावी लागली. नेहमीच्या पिकांच्या नमुन्यात न बसणारे नुकसान प्रत्यक्ष पाहणीशिवाय शासनापर्यंत पोहोचत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संगणकामुळे दप्तर एका घरातून वा एका कचेरीतून बाहेर पडून सर्वांस पाहण्याजोगे झाले, ही या स्थित्यंतराची मोठी प्राप्ती होय. तथापि प्रिंगलच्या पाहणीने शिकविलेला धडा अद्याप लागू आहे. वरच्या पातळीवर आखलेली पद्धती कितीही शास्त्रीय असली, तरी तिची विश्वसनीयता गावात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची संख्या, प्रशिक्षण व उत्तरदायित्व यांवर अवलंबून असते.