डंपावरची हिरवाई

खाणींचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा जमिनीतून काय निघालं ते सांगतो. किती टन, कुठल्या बोटीने, कुठल्या देशाला. आज आपण उलट बाजूने जाऊ. खाणीच्या जागी आधी काय उगवत होतं आणि नंतर तिथे काय लावलं गेलं, हे पाहू.

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यातले खाणपरवाने पोर्तुगीज सरकारच्या १९०६ च्या हुकुमाखाली दिले गेले. खरी धामधूम मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला लोखंड हवं झालं तेव्हाची. एक टन खनिज काढायचं तर साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. त्याचे डोंगर झाले, त्यांनाच आपण डंप म्हणतो. पावसाळ्यात हे डंप वाहून खालच्या भातशेतीत, ओहोळांत उतरू लागले. ज्यांच्या शेतात तो लाल गाळ बसला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग डंप धरून ठेवायला झाड शोधलं गेलं, आणि मिळालं ते ऑस्ट्रेलियन अकेशिया. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हा त्याचा मुलूख. निकस मुरमातही भराभर वाढतं, मुळांवरच्या गाठींमुळे नत्र धरतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आम्ही या झाडाला सरसकट शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. उघड्या डंपावर त्या वेळी ते लावणं समजण्यासारखं होतं. पण त्याच्याखाली उभं राहून पाहा. सुकलेल्या, वाकड्या पानांचा जाड थर; करवंद नाही, धायटी नाही, गवताची काडी शोधावी लागते.

हे असं का झालं, याचं एक उत्तर कायद्यात सापडतं. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांतला ४१ वा नियम वनस्पतींबद्दल होता. खाणीमुळे जितकी झाडं गेली त्याच्या किमान दुप्पट लावा, ती तिथेच लावा किंवा नेमून दिलेल्या दुसऱ्या जागी लावा, सांभाळा आणि शेवटी वनखात्याकडे सोपवा. आणि उरलेली वनस्पती? ती ‘शक्य तितकी’ परत आणा. म्हणजे झाडाला आकडा होता, बाकीच्यांना नव्हता. कुठलं झाड, तेही तिथे सांगितलेलं नव्हतं. किंदळ तोडून दोन अकेशिया लावले तरी हिशेब चुकता!

आता सड्याचा विचार करा. जांभ्याच्या सपाट कातळावर मुळात झाडंच कमी. पावसाळ्यात तिथे गेंदाची पांढरी फुलं, सीतेची आसवं, दवबिंदू, नाना तऱ्हेचं गवत. दिवाळी सरली की सगळं वाळून तांबूस. असा सडा खणला तर झाडांच्या मोजणीत नुकसान जवळजवळ शून्य भरतं.

अकेशियाच्याच देशात, पश्चिम ऑस्ट्रेलियात, जाराच्या जंगलात १९६३ पासून बॉक्साइटची खाण चालते. तोही जांभ्यासारखाच थर. तिथेही सुरुवातीला पाईन आणि देशाच्या पूर्व भागातले निलगिरी लावले गेले. पुढे चूक उमगली आणि १९८८ पासून तिथल्याच जातींचं बी पेरायला लागले. मुख्य युक्ती मातीची आहे. वरची माती काढली की ढीग करून ठेवायची नाही, लगेच दुसऱ्या तयार खड्ड्यावर पसरायची, कारण तिच्यात रानाचं बी जिवंत असतं आणि ढिगात ते मरतं. तिथलं मूळ जंगल परतलं असं म्हणायला आम्ही धजणार नाही. वादही अजून चालू आहेत. पण बी मातीत आहे, हे त्यांनी ओळखलं. आपल्या १९८८ च्या नियमांतही वरची माती वेगळी काढून भूमिसुधारणेला वापरायला सांगितलंच होतं. जुन्या डंपांत मात्र ती केव्हाच तळाशी गाडली गेली होती.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, चारा आणि वनस्पती वाढतील, अशी स्थिती आणण्याची अट घालायला सांगितलं. इतकी वर्षं झाडं मोजल्यावर गवताचं नाव निघालं. पण सड्याच्या गवताचं बी कुठल्या रोपवाटिकेत मागणार? ते आहे ते अजून न खणलेल्या सड्यांवर, आणि त्यातल्या कित्येकांखाली खनिज आहे.