बेंबीवरचा कॅमेरा

गेल्या स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका पोराकडे मी फोटो काढायचे काम सोपवले. थोड्या वेळाने पाहतो तो स्वारी ध्वजस्तंभाशी मातीत उताणी! "अरे, कपडे बघ तुझे! उभा राहून नीट काढ," मी खेकसलो. "गुरुजी, इथनं खांब आभाळाला टेकतोय," तो म्हणाला. मी ऐकले नाही. रात्री अलेक्सांद्र रोदचेंको आठवला आणि मनातल्या मनात ओशाळलो.

रोदचेंको हा रशियन चित्रकार, मॉस्कोच्या कलाशाळेत मास्तरच होता. फोटोकडे वळला तो १९२४ च्या सुमारास, तिशी उलटल्यावर. आणि कुठल्याही शिकाऊ माणसासारखा घरापासूनच. चष्म्याची एक काच डोळ्याशी धरलेल्या आईचा त्याने फोटो काढला. मुळात ती टेबलाशी बसलेली दिसत होती. त्याने कडा कापून चेहरा, बोटे आणि ती काच एवढेच ठेवले. १९२५ साली पाळी आली राहत्या इमारतीची. भिंतीला लगटून वर पाहिले, तर रोजचेच सज्जे एकावर एक चढत आभाळात निघालेले!

त्या काळचे पुष्कळ कॅमेरे पोटाशी धरून वरून आत डोकवायचे असत. म्हणजे सारे जग बेंबीच्या उंचीवरून. रोदचेंकोचे म्हणणे, ती एक जागा सोडा आणि कुठूनही टिपा. शिवाय एका वस्तूचा एकच फोटो काढून थांबू नका. १९२८ साली हाती लायका आला. मुठीत मावणारा, डोळ्याला लावायचा. मग काय, वाकणे-लोळणे सोपेच झाले.

पण त्याच वर्षी 'सोव्हिएत्स्कोये फोटो' या मासिकात एक निनावी पत्र छापून आले. त्याचे फोटो परदेशी छायाचित्रकारांच्या फोटोंशेजारी मांडून 'ही नक्कल' असा आरोप! त्याने 'नोव्ही लेफ'मधून उत्तर दिले. तरी पुढे १९३० सालच्या, खालून टिपलेल्या पायनियर मुलीच्या चेहऱ्यावरही टीका झालीच. नुसत्या आकारांचा नाद, हा ठपका त्या राज्यात साधा नव्हता.

१९३३ मध्ये तो श्वेतसमुद्राच्या कालव्यावर गेला. हा कालवा कैद्यांकडून खोदून घेतलेला. हजारो माणसे त्यात मेली. त्याच्या एका चित्रात खाली कैदी खपताहेत आणि वाद्यवृंद वाजतो आहे. कोन तसेच धीट. पण ती चित्रे छापली गेली ती या कामाने माणसे सुधारतात हे जगाला पटवण्यासाठी. ही चित्रे पाहताना मला त्याची कीव येते, रागही येतो. सज्ज्यांखाली मान उंचावणारा माणूस हाच का, असे वाटते.

सोमवारी त्या पोराला बोलावून फोटो दाखवायला सांगितले. उभ्याने काढलेले सगळे नीट होते, म्हणजे कुणाच्याही घरी असतात तसे. उताणा पडून काढलेला एकच होता. त्यात खांब आभाळाला टेकला होता आणि कोपऱ्यातून वाकून ओरडणारा मी होतो, नाकपुड्यांसकट.