चौकोनाचे पिशाच आणि पेठचा पाऊस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा अभ्यास केलेल्यांना पाटणचा शिलालेख परीक्षेपुरता तरी ठाऊक असतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील हा लेख शके ११२८ चा. त्याचा बराचसा भाग संस्कृत आणि शेवटच्या ओळी मराठी. त्या ओळींकडे आपण भाषेचा नमुना म्हणून पाहतो, प्रत्यय तपासतो आणि पुढे सरकतो. त्यांत आहे काय, तर एका मठाला मिळावयाच्या देण्यांची तरतूद. आणि मठ कशासाठी, तर भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तो स्थापिला, निकुंभ सामंतांनी त्याला दाने दिली. म्हणजे आद्य मराठीतल्या मोजक्या ओळींपैकी काही ओळी गणिताच्या शाळेच्या खर्चाची सोय लावणाऱ्या आहेत. ही गोष्ट मराठीच्या वर्गात फारशी सांगितली जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

त्या मठात 'लीलावती' शिकविताना क्षेत्रव्यवहाराचे प्रकरण येतच असणार. त्यात भास्कराचार्यांनी चौकोनाविषयी एक खणखणीत बजावणी केली आहे. केवळ चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि कर्ण वा लंब न विचारता उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच, अशा आशयाची. कारण साधे आहे. चार काठ्या टोकांशी बांधल्या तर चौकट हलते, कलते. बाजू त्याच राहतात आणि क्षेत्रफळ बदलते. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. पुढे १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासेकडून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तेव्हा साऱ्या देशावर त्रिकोणांचेच जाळे टाकले गेले. संगणकीय भूमिती शिकणारा पदवीचा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच बहुभुजाचे त्रिकोण पाडावयास शिकतो, तेही याच जातीच्या कारणाने: त्रिकोणाशी काय करायचे ते यंत्राला सांगता येते.

हा विषय 'संगणकीय भूमिती' या नावाने रूढ झाला तो १९७० च्या दशकात. मायकेल शेमॉस यांचा येल विद्यापीठातील प्रबंध १९७८ चा, आणि त्यांनी प्रेपराटा यांच्यासह लिहिलेले पाठ्यपुस्तक १९८५ चे. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले केतन मुळमुळे यांनी नंतर याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. यादृच्छिक क्रमाने बिंदू घेत गेल्यास अवघड रचना सोप्या रीतीने उभ्या करता येतात, हे त्याचे सूत्र. पुढे ते आणि मिलिंद सोहोनी यांनी २००१ पासून गणनेच्या मूलभूत प्रश्नांना भूमितीच्या वाटेने भिडणारा एक फार महत्त्वाकांक्षी प्रकल्प आरंभला. त्याच सोहोनींनी ग्रामीण महाराष्ट्राच्या पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावरही काम केले आहे. ही दोन कामे परस्परांपासून दूरची आहेत, असे आम्हांस वाटत नाही.

का, ते नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यावरून सांगता येईल. नाशिकहून निघालेला रस्ता सावळघाट उतरून पेठला जातो. घाटमाथ्याच्या पूर्वेचे पाणी गोदावरीला मिळते. पेठकडचे पाणी दमणगंगा आणि पार यांच्या वाटेने गुजरातेत शिरून अरबी समुद्राला जाते. नागली, वरई, भात, उडीद ही इथली पिके. पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट, आणि तरी उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर हंड्यांची रांग. उताराच्या खडकावर पाणी ठरत नाही, एवढे त्याचे कारण तिथल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते.

आता हा पाऊस मोजायचा कसा? पर्जन्यमापक एखाद्या ठिकाणी असतो, पाऊस सगळीकडे पडतो. १९११ मध्ये अमेरिकेतील हवामानतज्ज्ञ आल्फ्रेड थीसन यांनी तोडगा सुचविला: जी जमीन ज्या मापकाला सर्वांत जवळ, तिच्यावर त्याच मापकाचा पाऊस पडला असे धरावे. दोन मापकांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढावा. अशा दुभाजकांनी नकाशा बहुभुजांत वाटला जातो. गणितात हीच आकृती डिरिक्ले यांनी १८५० मध्ये आणि व्होरोनोई यांनी १९०८ मध्ये वेगळ्याच कारणांसाठी अभ्यासिली होती. ती झपाट्याने काढण्याची रीत शेमॉस आणि होई यांनी १९७५ मध्ये दिली. स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिला थीसनचे बहुभुज म्हणतो, संगणकाचा विद्यार्थी व्होरोनोईची आकृती. दोघांना एकमेकांच्या आकृतीची ओळख क्वचितच करून दिली जाते.

उदाहरणादाखल मानलेले आकडे घेऊ. तीन मापकांवर वर्षाला ६००, ९०० आणि २१०० मिलिमीटर पाऊस. बहुभुजांचे वाटे अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के. साधी सरासरी १२०० येते. वाट्यांनुसार काढली तर ३०० अधिक २७० अधिक ४२०, म्हणजे ९९०. दुसरे उत्तर अधिक समंजस आहे, यात शंका नाही. पण लंबदुभाजक सावळघाटाला ओळखत नाही. नाशिक आणि पेठ या दोनच ठिकाणी मापक असते, तर ही रेषा दोहोंच्या बरोबर मधून गेली असती, माथा कुठेही असो. इथे भास्कराचार्यांचे पिशाच पुन्हा आठवते. सपाटीवरची अंतरे सांगायची आणि उंची न विचारताच पाऊस सांगायचा!

ही केवळ वर्गातली चिकित्सा नव्हे. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष महाराष्ट्रात महसूल मंडळातील नोंदीवरून लावला गेला आहे. पीकनुकसानीचे पुष्कळसे पुढे त्यावर अवलंबून असते. मंडळाच्या सीमा तर बहुभुजांच्याही नव्हेत, त्या कारभाराच्या. एखाद्या पाड्याला जवळचा मापक शेजारच्या मंडळात असू शकतो. तिथे ७० मिलिमीटर आणि आपल्या मंडळात ६० नोंदले गेले, तर वाहून गेलेल्या भाताचे काय? महावेध प्रकल्पाने मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभारल्यावर बिंदू वाढले, हे खरेच; बिंदूंभोवतीच्या रेषांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यावर उपाय नव्याने शोधावयास नको. लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीनंतर डॉ. जॉन स्नो यांनी पंपांभोवतीचा जो नकाशा केला, त्यात सीमारेषा सरळ अंतरावरून नव्हे, तर चालत जावे लागणाऱ्या अंतरावरून आखली होती. जवळ म्हणजे काय, हे त्यांनी पाणी भरणाऱ्यांच्या पायांना विचारले. आकृतीची रीत तीच ठेवून अंतराची व्याख्या बदलता येते, हे पदवीच्या अभ्यासक्रमातही बसणारे आहे. पेठच्या नकाशावर मापकांचे बिंदू मांडावेत, अंतरात चढउताराची भर घालावी, आणि मग सीमा कुठे सरकते ते पाहावे. माथ्यालगतचे काही पाडे एका बहुभुजातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतील. कोणते, ते मोजल्यावरच कळेल.