१४. चिनी मातीचा सट
रुंद तोंडाचे, झाकणाचे लोणच्याचे भांडे. बहुधा वरून पांढरट, खालून तपकिरी. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजल्याने त्याची माती पाणी शोषत नाही, आणि काचेसारख्या लुकणावर मीठ वा आंबट रसाचा परिणाम होत नाही. म्हणूनच सोमेश्वरनगरच्या (बारामती तालुक्यातील साखर कारखान्याची वसाहत) एका घरात लोणचे पितळी डब्यात न भरता सटात भरून वर कापडाचा दादरा बांधतात. अशा भाजलेल्या भांड्यांची मोठी परंपरा जर्मनीत ऱ्हाइनकाठी मध्ययुगापासून आहे. तिथे तापल्या भट्टीत मीठ टाकून लुकण चढवत. आपल्याकडे अशी भांडी घडवणारा सौराष्ट्रातील परशुराम पॉटरी वर्क्स हा मराठी माणसाने, परशुराम गणपुले यांनी, उभारलेला कारखाना. जुने सट आज संग्राहक आवर्जून जपतात.