डॉन चिपोटेची परदेशयात्रा

दुःखाची कहाणी सांगून ऐकणाऱ्याला रडविणें फारसें अवघड नाहीं. परंतु ज्यांनीं तें दुःख भोगलें, त्यांनाच ती कहाणी ऐकवून हसविणें ही गोष्ट विरळा. १९२८ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरीं दानिएल वेनेगास या मेक्सिकन लेखकानें हें करून दाखविलें. स्वतः मजुरी केलेल्या या गृहस्थाची स्पॅनिश कादंबरी तेथील ‘एल हेराल्दो दे मेहिको’ या वृत्तपत्रानें प्रसिद्ध केली.

तिचा काळ ध्यानांत घेतला पाहिजे. १९१० सालीं मेक्सिकोंत राज्यक्रान्ति सुरू झाली आणि वर्षानुवर्षें चाललेल्या लढायांनीं शेतकरी देशोधडीस लागला. उलट, सरहद्दीपलीकडे अमेरिकेंतील मळेवाल्यांस, खाणवाल्यांस व रेलवे कंपन्यांस स्वस्त मजूर हवे होते. १९१७ च्या कायद्यानें प्रत्येक आगंतुकावर आठ डॉलर कर व वाचनाची परीक्षा लादली; पण महायुद्धामुळें हातांची टंचाई भासतांच त्याच वर्षीं मेक्सिकन शेतमजुरांपुरतीं हीं बंधनें सैल झालीं. गरज असेल तेव्हां दार उघडावयाचें, गरज सरली कीं लावून घ्यावयाचें, हा क्रम तेव्हांपासून चालू झाला.

कथानायक चिपोटे हा असाच एक दरिद्री शेतकरी. अमेरिकेहून परतलेला पितासिओ तेथील सुबत्तेच्या थापा मारतो. त्या खऱ्या मानून हा भोळा जीव बायकामुलें मागें टाकून, कुत्रा बरोबर घेऊन निघतो. ‘चिपोटे’ हें नांव ‘किहोते’ या विख्यात वेड्या वीराची आठवण देतें. आणि मेक्सिकोच्या बोलींत त्याचा अर्थ डोक्यावर आलेलें टेंगूळ! सरहद्दीवर सक्तीचें स्नान आणि कपड्यांचें निर्जंतुकीकरण, पुढें रेलवेच्या रुळांवर कष्ट, दुकानाच्या उधारींत विरघळणारी मजुरी, पायाला झालेली जखम, अशीं टेंगळें एकामागून एक येतात. शेवटीं लॉस एंजलिस येथें तो एका उपाहारगृहांतील तरुणीच्या नादीं लागतो, तोंच पत्नी शोधीत येऊन उभी राहते!

लेखकाच्या विनोदाचा मार केवळ परक्यांवर नाहीं. स्पॅनिश येत असूनहि न येण्याचें सोंग करणारे स्वजातीयहि त्यांतून सुटत नाहींत. वाचक चिपोटेला हसतो आणि हसतां हसतां स्वतःचें टेंगूळ चांचपतो. कादंबरीच्या जोडनांवांतच तिचें तात्पर्य आहे : पोपट अंगावर पिऊं लागतील, तेव्हांच मेक्सिकन मजूर अमेरिकेंत श्रीमंत होईल!

अर्थात् लेखकाचा हा इशारा कोणास थांबवूं शकला नाहीं. उपदेशानें पोट भरत नाहीं. १९२९ नंतरच्या मंदींत लाखो मेक्सिकनांची अमेरिकेंतून परत पाठवणी झाली. त्यांत अमेरिकेंतच जन्मलेलीं, म्हणजे तेथील नागरिक असलेलीं मुलेंहि होतीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत मळ्यांवर पुन्हां माणसें कमी पडलीं. तेव्हां उभय सरकारांनीं करार केला, आणि १९४२ ते १९६४ या काळांत सुमारें ४६ लक्ष मजूरकरारपत्रें झालीं. आरंभींच्या वर्षांत वेतनाचा दहावा भाग बचत म्हणून कापला जाई. पुष्कळांच्या हातीं तो कधींच पडला नाहीं. चिपोटेच्या फजित्यांना हंसलेल्यांचीं मुलें-नातवंडें त्याच फजित्यांतून जात होतीं.

१९६२ सालीं सेसर चावेस आणि डोलोरेस ह्युएर्ता यांनीं कॅलिफोर्नियांत शेतमजुरांची संघटना उभारली. १९६४ मध्यें निघालेल्या तिच्या वृत्तपत्राचें नांव होतें ‘एल मालक्रिआदो’, म्हणजे व्रात्य पोर. १९२० नंतरच्या दशकांत वेनेगास जें विनोदी साप्ताहिक चालवीत असे, त्याचेंहि नांव नेमकें हेंच होतें.

कादंबरी मात्र विस्मृतींत गेली होती; १९८४ सालीं ती मेक्सिकोंत पुन्हां छापली गेली. तिनें कोणाची मजुरी वाढविली नाहीं. परंतु सरकारी दप्तरांत ज्यांची नोंद केवळ आंकड्यांनीं झाली, त्यांतील एकाला तिनें नांव दिलें, संसार दिला, कुत्राहि दिला. आणि फसला तरी तो माणूसच आहे, हें हसवून पटविलें.